एम६ (०.७२) आणि ५० आहे, वाइड कोणती घ्यावी? २८, २५ की २१?

तलावपाळी

नमस्कार मंडळी. बॉडी लाइका एम६, ०.७२ फाइंडरची (म्हणजे बघायच्या खिडकीत दृश्य ०.७२ पट दिसतं). लेन्स एकच, ५० मिमी एफ/२. आता एक वाइड घ्यायची आहे, दोन नाहीत. काम साधारण असं:

जांभळी नाक्याचा बाजार, म्हणजे चिंचोळी जागा आणि गर्दी. टेंभी नाक्याची नवरात्र, म्हणजे रात्र आणि रोषणाई. दहीहंडी. शिवाय बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, वाशी स्टेशन अशी बांधकामं.

रोल बहुतेक ४०० चा कृष्णधवल, अधूनमधून कलर निगेटिव्ह. पुढेमागे डिजिटल एम घेतला तर हीच लेन्स त्यावरही चालावी. चष्मा आहे, उणे अडीच आणि थोडा सिलिंडर. नवी लाइका लेन्स परवडणार नाही. फोइग्टलेंडर, झाइस किंवा सेकंडहँड चालेल.

मनात २१ आहे. घ्यायचीच तर चांगली रुंद घ्यावी म्हणून. जाणकारांनी मत द्यावं.

खाडीपूल

लेन्सचं नंतर बघू, आधी फाइंडर बघा. रेंजफाइंडरवर (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघून दोन प्रतिमा जुळवायचा कॅमेरा) वाइड निवडताना निम्मा निकाल तिथेच लागतो.

०.७२ एम६ मध्ये फ्रेमच्या रेषा जोडीने येतात: ३५ बरोबर १३५, ५० बरोबर ७५, २८ बरोबर ९०. २१ आणि २५ च्या रेषा त्यात नाहीतच. त्या लेन्ससाठी वरच्या शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) वेगळा फाइंडर लावावा लागतो. मग फोकस खालच्या खिडकीतून करायचा आणि चौकट वरच्या खिडकीतून बघायची. स्थिर इमारतीला हे चालतं. बाजारात डोळा वरखाली करेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो.

२८ ची रेषा आहे, पण ती फाइंडरच्या अगदी कडेला आहे. चष्मा नसलेल्या माणसालाही चारही बाजू एकदम दिसायला डोळा खिडकीला चिकटवावा लागतो. चष्म्यातून बहुधा डावी-उजवी कड दिसणारच नाही. हे तपासायला एक पैसा लागत नाही. लेन्सच्या शेजारी फ्रेम बदलायचा छोटा लिव्हर आहे ना? ५० लावलेली असतानाच तो एका बाजूला ढकला, ३५/१३५ येतील. दुसऱ्या बाजूला ढकला, २८/९० येतील. आतली लहान चौकट ९० ची, बाहेरची २८ ची. चष्मा लावून बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

आणखी एक. एम६ च्या रेषा ०.७ मीटर अंतरासाठी आखलेल्या आहेत. लांबचा विषय असला की फोटोत रेषेबाहेरचंही बरंच येतं. त्यामुळे रस्त्यावर "रेषेच्या आत होतं तरी कापलं गेलं" असं सहसा होत नाही. "नको तो खांबही आला" असं मात्र होतं.

चहा_कमी_साखर

विषयाला थोडं सोडून विचारतो. घरी याशिका इलेक्ट्रो ३५ पडून आहे, तोही रेंजफाइंडरच. त्यावर यातली एखादी बसेल का?

खाडीपूल

नाही. त्याची ४५ एफ/१.७ लेन्स बॉडीला कायमची जोडलेली आहे, शटरही तिच्यातच आहे. समोर लावायचे वाइड कन्व्हर्टर मिळतात, पण कडा फार मऊ येतात. आहे तसा वापरा, छान कॅमेरा आहे.

घोडबंदर_रोड

मी २१ च्या बाजूने. पण कारण "चांगली रुंद" हे नव्हे. आकडे मांडू.

३५ मिमी फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी. समोर किती मावेल ते काढायला अंतराला ३६ ने गुणा आणि फोकल लेंग्थने भागा. ३ मीटरवर ३५ मध्ये सुमारे ३.१ मीटर रुंदी मावते, २८ मध्ये ३.९, २१ मध्ये ५.१. कर्णातला कोन ३५ ला ६३ अंश, २८ ला ७५, २५ ला ८२ आणि २१ ला ९१ च्या आसपास.

आता आर्टिस्ट व्हिलेज घ्या. चार्ल्स कोरियांच्या आराखड्यात सात घरं एका लहान अंगणाभोवती येतात आणि ते अंगण साधारण ८ × ८ मीटर. असे तीन गट मिळून २१ घरं, मधली मोकळी जागा साधारण १२ × १२ मीटर. लहान अंगणाच्या एका कडेला पाठ टेकून उभे राहिलात, तर समोरची बाजू ८ मीटरवर. २८ ची रुंदी तिथे १०.३ मीटर, म्हणजे अख्खी बाजू आली. ३५ मध्येही ८.२ येते, जेमतेम. रुंदीपुरतं बोलायचं तर २१ लागतच नाही.

गाडी अडते उंचीवर. कॅमेरा सरळ धरला (आणि घरांसाठी तो सरळच धरायला हवा), तर मध्यरेषा डोळ्याच्या पातळीवर म्हणजे दीडेक मीटरवर असते. २८ आडवी धरली तर वर ३.४ मीटर मिळतात, म्हणजे जमिनीपासून ४.९ पर्यंत. दुमजली घराचं उतरतं छप्पर कापलं गेलं. वर करायला कॅमेरा मागे झुकवला की भिंती वर एकमेकींकडे कलतात. २१ सरळ धरली तर ६ मीटरपर्यंत पोचते. खालचा अर्धा फोटो फरशीने भरतो ते खरं, पण ती प्रिंट करताना कापता येते. छप्पर मात्र मागाहून जोडता येत नाही.

(राहती घरं आहेत. अंगणात शिरण्याआधी विचारावं.)

कृष्णधवल_खारघर

घोडबंदर, हिशोब बरोबर आहे. पण २८ उभी धरायचं सोडलंत. उभ्या चौकटीत ८ मीटरवर उंची १०.३, तिची निम्मी ५.१ मध्यरेषेच्या वर, म्हणजे जमिनीपासून ६.६ मीटर. तुमच्या आडव्या २१ पेक्षा जास्त. रुंदी ६.९ उरते, एखाद्या घराला पुरते. अख्खा गट एका फोटोत हवा असेल तरच २१ लागते.

दहीहंडीबद्दल. २१ घेऊन थराच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं, तर खालच्या थरातले खांदे राक्षसासारखे आणि वरचा गोविंदा मुंगीएवढा येतो. उंची वाढलेली दिसत नाही, उलट आटते. हंडीला मागे सरकून २८ किंवा सरळ ५०.

तलावपाळी, तुमच्या यादीत माणसं जास्त आहेत आणि इमारती कमी. २१ माणसांवर कठोर आहे. चौकटीच्या कडेजवळ आलेलं डोकं बाहेरच्या बाजूला ताणलं जातं. हा लेन्सचा दोष नाही. रुंद कोन सपाट फिल्मवर पाडला की असंच होतं, कितीही महाग लेन्स घ्या. २८ ला ते सांभाळता येतं, चेहरा मधल्या दोन-तृतीयांशात ठेवला की झालं.

तलावपाळी

लिव्हर ढकलून पाहिला. चष्म्यातून २८ ची वरची-खालची रेषा दिसते, डावी-उजवी नाही. डोळा सरकवला की एक दिसते तेव्हा दुसरी जाते. ३५ ची पूर्ण दिसते, पण कशीबशी.

चष्म्याचा नंबर आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) घालता येतो असं वाचलं. त्याने सुटेल का?

खाडीपूल

अर्धं सुटेल. एम६ च्या आयपीसवर फिरवून बसवायची करेक्शन भिंगं मिळतात, ±३ पर्यंत. फाइंडर मुळात उणे ०.५ ला जुळवलेला असतो, त्यामुळे नंबराएवढंच भिंग घ्यायचं असं नाही. ट्रायल लावून ठरवा. पण ती भिंगं गोल नंबराची असतात, सिलिंडर त्यात नाही. तुमचा सिलिंडर अर्ध्याच्या आत असेल तर चालवून घ्याल. जास्त असेल तर जुळणीच्या दोन प्रतिमांच्या कडा पुसट दिसतील आणि फोकसच चुकेल. चष्म्याच्या दुकानात ट्रायल फ्रेममध्ये फक्त गोल नंबर घालून लांबची पाटी वाचून बघा, लगेच कळेल.

आणि आयपीस नंबराचं केलं की चष्मा काढून फोटो, चष्मा घालून रस्ता. गर्दीत हे दहा मिनिटांत नकोसं होतं.

दुसरा मार्ग, २८ घेऊन वर २८ चाच बाहेरचा फाइंडर. तुम्ही म्हणाल मग २१ काय वाईट? फरक असा की २८ ला बाहेरचा फाइंडर सोय म्हणून आहे. घाईत आतल्या खिडकीतूनही अंदाजे चौकट मिळते. २१ ला तो नसला तर आंधळा कारभार.

तिसरा मार्ग बॉडीचा. फोइग्टलेंडर बेसा आर४ मध्ये २१, २५, २८, ३५ आणि ५० अशा पाचही रेषा आहेत, फाइंडर ०.५२. आर४एम यांत्रिक शटरची, आर४ए इलेक्ट्रॉनिक. आता फक्त सेकंडहँड मिळते. तिचा रेंजफाइंडर पाया (जुळणीच्या दोन खिडक्यांमधलं अंतर, जास्त तितका फोकस अचूक) ३७ मिमीचा. ०.५२ ने गुणलं की परिणामी १९ मिमी राहतात. एम६ मध्ये ६९.२५ गुणिले ०.७२, म्हणजे जवळपास ५० मिमी. वाइडला १९ पुरतात, तुमच्या ५० एफ/२ ला उघड्या ॲपर्चरवर ते तोकडे पडतील.

निगेटिव्ह

फाइंडरवर एवढी चर्चा झाली, पण बाजारात वाइड लेन्सने प्रत्येक फोटोला फोकस करायचाच कशाला? अंतर आधीच लावून ठेवायचं. खालचे आकडे ०.०३ मिमीच्या वर्तुळावर (फिल्मवर ठिपका एवढा पसरला तरी तीक्ष्णच धरायचा) काढलेत, म्हणजे लेन्सवरच्या डेप्थच्या खुणांना साधारण जुळतील.

एफ/८ वर हायपरफोकल अंतर २१ ला १.८६ मीटर. तिथे लावली की ०.९३ पासून अनंतापर्यंत सगळं धरलं जातं. २८ ला ३.३ मीटर, मग १.६५ पासून अनंत. ३५ ला ५.१, मग २.६ पासून पुढे. जांभळी नाक्यावर गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघं दीड-दोन मीटरवर असतात. म्हणून २८ अनंताला बांधून ठेवू नका. एफ/८, अंतर २ मीटर लावा, सुमारे सव्वा ते पाच मीटर मिळेल. मागची पाटी जराशी मऊ झाली तर बिघडत नाही.

मोठी प्रिंट करणार असाल, किंवा पुढे डिजिटलवर गेलात, तर लेन्सवरच्या खुणा उदार ठरतात. एफ/८ वर शूट करताना एफ/५.६ च्या खुणा वाचा.

आता नवरात्र. तिथे एफ/८ विसरा. ४०० च्या रोलला मंडपाच्या रोषणाईत एफ/२.८ आणि १/३० च्या आसपास जाल. २८ ला एफ/२.८ वर ३ मीटर अंतर लावलं तर २.३ ते ४.४ मीटर एवढीच पट्टी मिळते. इथे रेंजफाइंडर जुळवावाच लागतो. आरसा नसल्यामुळे १/१५ लाही कॅमेरा फारसा हलत नाही, पण माणसं हलतात. म्हणून रोल १६०० ला ओढा (१६०० चा समजून काढा, धुताना जास्त वेळ), म्हणजे दोन स्टॉप, दर स्टॉपला उजेड निम्मा. धुणाऱ्याला "१६०० ला एक्स्पोज केलाय" असं पाकिटावर लिहून द्या, तोंडी नको. पूर्ण रोल एकाच वेगाला ठेवावा लागतो हे ध्यानात असू द्या.

एफ/४ ची २१ रात्री एक स्टॉप मागे पडते, पण अंतराच्या बाबतीत भरपाई करते: एफ/४ वर २ मीटर लावली तर १.३ ते ४.३ मीटर.

घोडबंदर_रोड

तेच म्हणतोय. २१ ला फोकसची झंझटच नाही.

निगेटिव्ह

झंझट नाही, पण रात्री उजेडही नाही. एफ/४ ला १/१५ मिळेल आणि गरब्यात १/१५ म्हणजे सगळे भुतं.

बाकी उलट बाजूही सांगतो. फार मोठ्या ॲपर्चरच्या मागेही लागू नका. एम६ चं शटर १/१००० ला संपतं. ४०० चा रोल कडक उन्हात १/१००० ला एफ/११ मागतो. दिवसा एफ/१.४ किंवा १.८ वापरायला मिळतच नाही, वजन आणि फाइंडरमधली आडकाठी मात्र कायमची. वाइडला एफ/२ किंवा २.८ बास.

कृष्णधवल_खारघर

उजेड मोजायच्या मीटरबद्दल कोणी बोललं नाही. एम६ चा मीटर शटरच्या पडद्यावरचा पांढरा ठिपका वाचतो. ठिपका १२ मिमी व्यासाचा, लेन्स कुठलीही असो. त्यामुळे ३ मीटरवर ५० लावून सुमारे ७० सेंटिमीटरचं वर्तुळ मोजलं जातं, २८ लावून १.३ मीटर, २१ लावून १.७ मीटर. ५० ची सवय घेऊन चेहऱ्यावर मोजायला गेलात तर २८ मध्ये मागचे दिवे आणि आभाळही मोजणीत शिरतात आणि चेहरा काळा येतो. उपाय सोपा: कॅमेरा खाली, सावलीतल्या रस्त्याकडे किंवा हाताच्या तळव्याकडे न्या, तिथे मोजा, मग चौकट बसवा. तळव्यावर मोजलं तर एक स्टॉप जास्त द्या.

कडेलोट

आता लेन्स. मी फक्त तुमच्या बजेटमधल्या घेतो.

*फोइग्टलेंडर कलर-स्कोपार २१ एफ/४.* चिमुकली, ३९ मिमी फिल्टर, फिल्मवर उत्तम. जवळजवळ सममित रचना, मागचं भिंग फिल्मच्या जवळ. तीच गोष्ट डिजिटलवर नडते. प्रकाश सेन्सरच्या कडेला फार तिरका पडतो, कडा जांभळट किंवा हिरवट होतात. कृष्णधवल करणार असाल तर रंगाचा प्रश्न नाही, काळोख तेवढा राहतो.

*कलर-स्कोपार २१ एफ/३.५ ॲस्फेरिकल.* नंतरची, तीही ३९ मिमीची. डिजिटलवर जुन्या एफ/४ पेक्षा कितीतरी शहाणी. २१ घ्यायची असेल तर ही.

*झाइस सी-बायोगॉन २१ एफ/४.५.* सरळ रेषा सरळ ठेवण्यात हिच्यासारखी क्वचितच. इमारतींसाठी फिल्मवर पहिली पसंती. पण डिजिटलवर रंगाचा सरकाव जबर, आणि नवरात्रीला एफ/४.५. तुमच्यासाठी नाही.

*झाइस बायोगॉन २५ एफ/२.८.* लेन्स म्हणून यादीतली सगळ्यात तीक्ष्ण असं माझं मत. बॉडीत २८ ची रेषा आणते, म्हणजे त्या रेषेबाहेर थोडं अजून येतं असं धरून चालायचं. काहीजण तसंच वापरतात, बाहेरचा फाइंडर न लावता. तुम्हाला मुळात २८ चीच रेषा दिसत नाही, म्हणून हा जुगाड बाद.

*झाइस बायोगॉन २८ एफ/२.८.* भरवशाची, विकृती नगण्य. या झाइस बायोगॉन २१, २५, २८ सगळ्यांना ४६ मिमी फिल्टर लागतो. तुमच्या ५० चा फिल्टर ३९ चा असेल तर पिवळा, नारिंगी सगळं नव्याने घ्यावं लागेल.

*फोइग्टलेंडर अल्ट्रॉन २८ एफ/२ आणि कलर-स्कोपार २८ एफ/२.८.* दोन्ही अलीकडच्या, डिजिटल धरून बनवलेल्या. दोन्ही अर्ध्या मीटरपर्यंत जातात. एम६ चा रेंजफाइंडर मात्र ०.७ ला थांबतो. त्यापुढे अंतर टेपने किंवा अंदाजाने. एफ/२.८ वाली इतकी छोटी की फाइंडरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जवळजवळ शिरतच नाही.

कडेच्या काळोखाबद्दल थोडं. सममित वाइडमध्ये कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने प्रकाश घटतो. हिशोबाने ३५ ला कोपऱ्यात सुमारे एक स्टॉप, २८ ला सव्वा ते दीड, २१ ला दोनच्या वर. ॲपर्चर लहान केलं तरी हा भाग जात नाही. उघड्या ॲपर्चरची जी वेगळी भर असते तेवढीच जाते. निगेटिव्हमध्ये कोपरे पातळ येतात. प्रिंट करताना कोपरे झाकून वाचवता येतात, पण २१ वर अंडरएक्स्पोज केलेला रोल असेल तर तिथे वाचवायला काही नसतंच. म्हणून २१ लावून ४०० चा रोल ३२० किंवा २५० ला मोजावा.

चहा_कमी_साखर

आणि रशियन? ज्युपिटर-१२ फार स्वस्तात दिसते.

कडेलोट

ज्युपिटर-१२ ही ३५ एफ/२.८, युद्धापूर्वीच्या झाइस बायोगॉनच्या रचनेवरची. मागचं भिंग इतकं बाहेर आलेलं की टेबलावर उलटी ठेवलीत तर तेच टेकतं. खोल मागचं झाकण नसेल तर घेऊ नका. काही बॉडींत आत घासते, म्हणून बसवताना जोर लावायचा नाही. अडलं की थांबायचं. आणि विकणाऱ्याला आधी विचारा, स्क्रूची आहे की किएव्ह माउंटची. किएव्हची स्क्रूच्या ॲडॉप्टरवर बसत नाही.

रुसार एमआर-२ म्हणजे २० एफ/५.६, ओरायन-१५ म्हणजे २८ एफ/६. उन्हातली खेळणी, चांगली आहेत, नवरात्रीला निरुपयोगी.

सगळ्या स्क्रू लेन्सना ॲडॉप्टर लागतो. स्क्रू माउंटचं फ्लँज अंतर (माउंटपासून फिल्मपर्यंतचं) २८.८ मिमी, एम चं २७.८. ॲडॉप्टरची जाडी बरोबर १ मिमी हवी. स्वस्त ॲडॉप्टर जाड-बारीक निघतात आणि मग लेन्स अनंताला जुळत नाही, दोष मात्र लेन्सला लागतो. कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. रेषांसाठी ॲडॉप्टरही तीन प्रकारचे: २८/९०, ३५/१३५, ५०/७५. २८ लेन्सला ५०/७५ चा ॲडॉप्टर दिला तर फाइंडरमध्ये ५० ची चौकट येईल.

निगेटिव्ह

जुनी लाइका स्वस्तात दिसली तर हेही बघा: सुपर-अँगुलॉन २१ (एफ/४ आणि एफ/३.४ दोन्ही) आणि २३१४९२१ च्या आधीच्या क्रमांकाची एल्मारिट २८ एफ/२.८. या फार आत शिरतात, बॉडीतला मीटर यांच्याबरोबर चालत नाही. हातातला मीटर लागेल. बऱ्याच डिजिटल एम वरही तेच.

खाडीपूल

सेकंडहँड घेताना, विशेषतः आपल्याकडे खाडीच्या दमट हवेत राहिलेली लेन्स असेल तर:

ॲपर्चर पूर्ण उघडा, दोन्ही टोकांनी मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. कडेला असेल आणि काचेवर चरे उमटले नसतील तर साफ होते, कोटिंग खाल्लं असेल तर डाग कायम. धुक्यासारखा सरसकट थर असेल तर उजेडाकडे तोंड केल्यावर फोटो फिकट येतील. भिंगाच्या कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसला तर आतली चिकटवण सुटते आहे, त्या वाटेला जाऊच नका. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा असला तरी रेंजफाइंडरवर फारसा अडथळा नाही, कारण पाती हाताने फिरतात. पण त्या तेलाची वाफ भिंगांवर धरते.

मग स्वतःच्या बॉडीवर लावून किमान एक किलोमीटरवरची उंच इमारत बघा. लेन्स अनंताच्या टोकाला, दोन्ही प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर आपली ५० लावून तीच इमारत बघा. ५० लाही चुकत असेल तर बॉडी जुळवायची आहे. फक्त नव्या लेन्सला चुकत असेल तर लेन्स किंवा ॲडॉप्टर.

घरी आणल्यावर पावसाळ्यात कपाटात चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, केस हीच बुरशीची शेती. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्के. ३० च्या खाली नेऊ नका, ग्रीस सुकतं.

तलावपाळी

सगळ्यांचे आभार. २१ डोक्यातून गेली. (घोडबंदर, राग नसावा.) कलर-स्कोपार २८ एफ/२.८ आणि अल्ट्रॉन २८ एफ/२ यांत अडकलोय. शिवाय २८ चा बाहेरचा फाइंडर घेणारच.

घोडबंदर_रोड

राग कसला. वाशी स्टेशनचा आतला हॉल २८ मध्ये मावत नाही म्हणून परत धागा काढाल तेव्हा भेटू.

बाहेरच्या फाइंडरबद्दल मात्र ऐकून ठेवा. तो लेन्सच्या काही सेंटिमीटर वर बसतो. एक-दीड मीटरवरच्या माणसाला त्यातून काटेकोर चौकटीत बसवलंत तर फोटोत डोकं कापलं जातं आणि पाय जास्त येतात. जवळच्याला वर मोकळी जागा सोडा. काही फाइंडरमध्ये जवळच्या अंतराची वेगळी तुटक रेष असते, ती त्यासाठीच. आणि शू एकच आहे. लेव्हल बघायचा बुडबुडाही लावायचा तर दोन शूंची पट्टी मिळते, फोइग्टलेंडरने काढलेली आहे. शूमध्ये सैल बसणारा फाइंडर लोकलच्या गर्दीत गळून पडतो, बारीक दोरी बांधा.

कृष्णधवल_खारघर

नवरात्र जास्त असेल तर एफ/२, बाजार जास्त असेल तर एफ/२.८. एक स्टॉपचा फरक म्हणजे रोल १६०० ऐवजी ८०० ला ओढून भागतं. ८०० चा कॉन्ट्रास्ट प्रिंट करायला पुष्कळ सोपा. मी एफ/२ घेईन.

आणि एम६ मध्ये समोरून दिवा आला की जुळणीचा मधला चौकोन पांढरा पडतो, काही दिसत नाही. मंडपासमोर हे हमखास होणार. डोळा किंचित बाजूला सरकवा, किंवा पुढच्या तीन खिडक्यांतल्या मधल्या खरबरीत खिडकीवर बोटाची सावली धरा. रेषा मंद होतात, पण चौकोन परत येतो.

कडेलोट

कुठलीही घेतलीत तरी पहिला रोल चाचणीला द्या, तो उत्सवात नको. तिवई आणि केबल रिलीज वापरा, आणि प्रत्येक फ्रेमचा क्रमांक, ॲपर्चर, अंतर वहीत लिहा.

फ्रेम १ ते ४: जमिनीवर मोजपट्टी तिरकी, ४५ अंशात. १ मीटरच्या खुणेवर रेंजफाइंडरने फोकस, ॲपर्चर पूर्ण उघडं. मग ०.७, १.५ आणि ३ मीटर. अंतर लेन्सच्या तोंडापासून नाही, फिल्मच्या पातळीपासून मोजायचं. तीक्ष्ण पट्टा खुणेच्या पुढे किंवा मागे सरकलेला दिसला तर कॅमची (लेन्सचं अंतर रेंजफाइंडरला कळवणाऱ्या भागाची) जुळणी चुकते आहे.

५ आणि ६: लांबची इमारत, एकदा रेंजफाइंडरने जुळवून, एकदा लेन्स टोकाला टेकवून. दोन्ही सारख्या यायला हव्यात.

७ ते १०: विटांची किंवा टाइल्सची भिंत, २ मीटरवर, कॅमेरा तिला समांतर. पूर्ण उघडं, मग ४, ५.६, ८. इथे मध्यापेक्षा चार कोपरे एकमेकांशी ताडून पाहा. चारही सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा मऊ असेल तर भिंग तिरकं बसलंय. नवी असेल तर बदलून घ्या.

११ ते १३: रस्त्यावरचा दिवा चौकटीच्या आत, कोपऱ्यात आणि जरा बाहेर. फ्लेअर कुठून शिरतो ते कळेल, हूड लागतं का तेही.

१४: एकसारखं ढगाळ आभाळ, एफ/४ वर, फिल्टर लावून. १५: तेच फिल्टर काढून. फिल्टरची कड कोपऱ्यात येत असेल तर दोन्हींतला फरक दिसेल. दोन फिल्टर एकावर एक कधीच नकोत.

उरलेल्या फ्रेम बाजारात काढा, २ मीटर आणि एफ/८ ला लावून. रोल धुवायला देताना पट्ट्या कापू नका असं सांगा, नाहीतर वहीतले क्रमांक जुळवत बसावं लागतं.